कोरडी फरशी

"उचलून तर बघा दाजी! एका हातात येतेय." मेहुण्याने दुकानातून आणलेली ॲल्युमिनियमची प्लेट बहिणीच्या वेल्डर नवऱ्यापुढे धरली. "आणि हा क्रॉसमेंबर. भोकं आयती पाडलेली. बोल्ट आवळले की काम फत्ते."

वेल्डरने हात पुढे केला नाही. मेहुण्याचा ट्रक डोंगरमाथ्यावरच्या मोबाइल टॉवरांना माणसे आणि सामान पोचवीत असे. वाट कसली, कोरडा पडलेला ओढाच तो. मागच्या फेरीत ट्रक एका खडकावर पोटावर बसला, आणि गिअरबॉक्सला खालून तोलून धरणारी आडवी लोखंडी तुळई, म्हणजे क्रॉसमेंबर, मधोमध वाकली. आता ती नवी बसवायची होती, आणि तिच्याखाली दगडांचा मार झेलायला एक प्लेटही.

"मी करून देतो," वेल्डर म्हणाला.

"तुम्ही?" मेहुणा मनापासून हसला. "दाजी, खिडकीचे गज नाही बसवायचेत. चार माणसांचा जीव असतो वर."

हसू विरण्याआधीच दारातून बहीण बोलली, "मग घरचा माणूस असताना बाहेरचं आणून माझी शोभा कर चारचौघांत!"

"बरं बाई, बरं. पण ट्रक बसला, तर तुझ्या नवऱ्याला तो खांद्यावर घेऊन यायला लावीन."

दुकानातली प्लेट परत गेली.

त्या घरात वेल्डरला खुर्ची मिळत असे, मान मिळत नसे. सासरे त्याला हवापाण्याचे विचारीत आणि उत्तर येण्याआधीच दुसरीकडे वळत. तोही मितभाषी, त्याचे शब्द ओठांपर्यंत येऊन उंबऱ्यावर अडखळलेल्या पाहुण्यासारखे माघारी फिरत. बायको मात्र सारे पाहत असे, आणि माहेराहून परतताना वाटभर एक अक्षरही बोलत नसे.

म्हणून त्याने त्या कामात जीव ओतला. चौकोनी नळीचा क्रॉसमेंबर बेतला, गिअरबॉक्सखालच्या रबरांची जागा पुन्हा पुन्हा ताडून घेतली. प्लेटसाठी जाड पोलाद निवडले. इंजिनापासून गिअरबॉक्सच्या पार मागेपर्यंत एकच अखंड पत्रा, आणि त्याच्या चारही कडा वर वळवून सांधलेल्या. वेल्डिंगचे टाके इतके एकसारखे, की त्यांवरून बोट फिरवावेसे वाटे.

ट्रकचे पोट ज्यांच्या हाताखालून जाई ते फिटर काका पाहायला आले. सकाळी ट्रक जागचा हलला, की आधी खालची फरशी वाचायची, हा त्यांचा नेम होता. तांबूस थेंब पडला तर एक दुखणे, काळा पडला तर दुसरे. त्यांनी प्लेटवर टिचकी मारली.

"काम झकास आहे रे. पण दोन-चार भोकं ठेव. दुकानातल्या प्लेटला होती बघ."

"भोक पाडलं की पोलाद कमजोर होतं, काका. चिखलही तिथूनच शिरतो."

"आत शिरलेलं बाहेर पडायला नको का?"

"माझ्या प्लेटमध्ये काही शिरणारच नाही." त्याचा आवाज त्याच्याही नकळत चढला होता. मेहुणा ऐकत उभा होता ना!

काकांनी खांदे उडवले. "तुझी प्लेट, बाबा."

पहिल्याच फेरीत ट्रक दोनदा खडकावर घासला. परत आला तो प्लेटवर नुसते ओरखडे घेऊन. मेहुण्याने खाली वाकून पाहिले, उठला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वेल्डरच्या पाठीवर थाप मारली. "दाजी, मानलं तुम्हाला!"

मग दिवस पालटले. "आमच्या दाजींनी केलंय," असे मेहुणा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. सासरे गच्चीवरच्या जिन्याबद्दल त्याचे मत विचारू लागले, आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबूही लागले. बायको माहेरी मोठ्याने हसू लागली. तिचा तो आवाज ऐकला की वेल्डरला वाटे, इतकी वर्षे ही कुणाच्या तरी घरात दबक्या पावलांनी राहत होती, आणि ते घर म्हणजे आपणच होतो.

फरशीही कोरडी ठणठणीत राहू लागली. "गाडी रडायची थांबली," काका म्हणत. एकदा त्यांनी गिअरबॉक्समधले तेल बघायचे काढले. त्यासाठी प्लेट उतरवणे भाग होते, आणि मेहुण्याला फेरीची घाई.

"फरशीवर थेंब आहे का काका?"

"नाही."

"मग कशाला उगीच पोट फाडताय तिचं?"

काका मागे सरले.

उतारावर गिअरबॉक्स जाम झाला तेव्हा ट्रकमध्ये टॉवरची चार माणसे होती. दैव म्हणून ट्रक डोंगराच्या अंगाला टेकला. माणसे चालत खाली आली. एकाचा हात मोडला होता. दुसऱ्या दिवशी ट्रक ओढून अंगणात आणला. मेहुणा काकांना घेऊन घरात गेला आणि आतून त्याचा चढलेला आवाज येऊ लागला. वेल्डर एकटाच ट्रकखाली शिरला. प्लेटला जॅकचा आधार देऊन त्याने मागचे बोल्ट सैल केले.

प्लेटची कड खाली झुकली, आणि तिच्यावरून काळे, गढूळ तेल त्याच्या बाहीवर ओघळले.

गळती पहिल्यापासूनच होती. काकांनी बसवलेले, गिअरबॉक्सचे तेल अडवणारे रबरी सील पाझरत होते, जसे कोणतेही सील कधी ना कधी पाझरते. थेंब फरशीवर पडले असते तर काकांनी दुसऱ्याच सकाळी वाचले असते. पण वर वळवलेल्या कडांनी ते परातीसारखे साठवून ठेवले. चढावर थोडे सांडले असेल, ते डोंगराने पिऊन टाकले; बाकीचे चिखलात मुरून तिथेच राहिले, आणि वर गिअरबॉक्स कोरडा पडत गेला. त्याच्या प्लेटने बाहेरचा एकही दगड आत येऊ दिला नव्हता, आणि आतले एकही दुखणे बाहेर.

"पाणी आणलंय," बायको खाली वाकली. "काय झालं? असे का बघताय?"

त्याने तिला सांगितले. सारे, क्रमाने, एकदाही न अडखळता.

मग तिने कोपऱ्यातले फडके उचलून त्याच्यापुढे धरले. "पुसा ते."

"अगं, पण काकांना—"

"काकांना दुसरीकडे काम मिळेल. मला दुसरं माहेर मिळणार आहे का?"

त्याने फडके घेतले.

प्लेट खाली उतरवून ठेवली होती तेव्हा मेहुणा काकांना घेऊन बाहेर आला. "बघा, बघा! बाहेरून एवढे दगड खाल्ले, हिला काही झालं का? आणि तुम्हाला एक सील धड बसवता येईना! माणसं मेली असती म्हणजे?"

काका गुडघ्यांवर हात टेकून खाली बसले. फडके जिथे पोचले नव्हते त्या कडेच्या आतल्या वळणावरून त्यांनी बोट फिरवले. बोट काळे झाले. त्यांनी ते पाहिले, मग वेल्डरकडे पाहिले. वेल्डरला वाटले, आता बोलावे यांनी. यांनी एक शब्द उच्चारला, तर पुढचे सगळे मी बोलेन.

"सील माझंच होतं," काका म्हणाले, आणि बोट आपल्याच विजारीला पुसले. "खोटं कशाला बोलू?"

ते आपले पाने-पकडी पेटीत भरायला आत वळले. मेहुण्याने प्लेटचे एक टोक धरले, वेल्डरने दुसरे, आणि दोघांनी ती दाराशेजारी, येणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी भिंतीला टेकवून उभी केली.

"गिअरबॉक्स आला की हीच परत लावायची दाजी. हात धुवा, जेवायला चला."

आत ताटे मांडलेली होती. "यांना आधी वाढा," सासरे म्हणाले. बायकोने वाढले, नजर ताटावरून काढली नाही. खिडकीतून फाटक दिसत होते. काका हत्यारांची पेटी घेऊन तिथवर पोचले, थांबले. पेटी जड असावी. त्यांनी ती खाली ठेवली, हात बदलला आणि पुन्हा उचलली.

"आणखी घेणार?" सासऱ्यांनी विचारले.

त्याने मान हलवली. ती त्यांना होकाराची वाटली असावी; ताटात पुन्हा वाढले गेले.