नऊ वर्षांची साक्ष

त्याच्या हातांना आता कंप नव्हता, आणि त्याचे श्रेय तो स्वतःकडे कधीच घेत नसे. पाण्याची बारीक धार सोडलेल्या फिरत्या दगडावर चष्म्याची काच टेकवायची आणि कड घासत घासत तिला चौकटीच्या मापात आणायची. हात जरा जड पडला की काच तडकलीच. असे काम करणाऱ्या माणसाची बोटे एकेकाळी सकाळी अकरापर्यंत थरथरत असत. चर्चच्या मंडळीत त्याला सगळे भिंगवाला म्हणत. दारू सोडून त्याला नऊ वर्षे झाली होती. दरवर्षी त्या तारखेनंतरच्या रविवारी तो उभा राहून, समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत, साक्ष देत असे.

"दर महिन्याला प्रभूच्या मेजावरचा एक घोट माझ्या जिभेवरून जातो. खरा, आंबवलेला द्राक्षारस. ज्याला बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज पुरायचा, त्याची तहान त्या घोटानं एकदाही जागी झाली नाही. यात माझं काही नाही."

एवढे बोलून तो बसे, आणि पुढचा अर्धा तास त्याचे कान तापलेले असत.

मंडळी दारूबाबत मोठी कडक होती. खोकल्याच्या औषधावरचीही बारीक अक्षरे वाचून मगच तिथे चमचा भरला जाई. पण प्रभुभोजनाच्या पेल्यात खरा द्राक्षारसच हवा, याबाबतही ती तितकीच कडक. सगळ्यांना मिळून एकच पेला, हातोहात फिरणारा. तो द्राक्षारस भिंगवाल्याच्याच घरात होत आला होता. आधी आजी करी, मग आई. दारू सोडून दोन महिने झाले तेव्हा त्याने पाळकसाहेबांना घरी बोलावून आईदेखत विचारले होते, आपण पेला घ्यावा, की नुसती भाकर घेऊन थांबावे?

पाळकसाहेब तेव्हा नवे होते. प्रभूच्या पेल्याबाहेर त्यांनी आयुष्यात थेंब चाखला नव्हता. "त्या पेल्यात दारू नसते," ते म्हणाले, "तिथं प्रभूचं रक्त असतं. विश्वासानं घे. तो राखील."

आई कपबशा उचलत होती.

पहिल्याच घोटाला त्याला जाणवले होते की घशात जाळ उतरत नाही. गोडसर, जरा तुरट, आणि मग शांत. बाकीच्यांनाही तो थोडा गोड लागला असेल. पण प्रभूच्या मेजावर चवीबद्दल बोलणे त्या मंडळीत खादाडपणाचे मानले जाई. दारू ओळखणारी जीभ तिथे एकट्या त्याचीच होती. त्या जिभेला फरक कळला, आणि त्याने त्याला कृपा म्हटले.

यंदा प्रार्थनामंदिराचे छप्पर दुरुस्तीला काढले म्हणून प्रभुभोजन तीन आठवडे पुढे गेले. एरवी आई त्याच सकाळी ताजी बाटली नेऊन देई. या वेळी तारीख पुढे गेल्याचे कळण्याआधीच बाटली जाऊन पोचली होती, आणि तीनच दिवसांनी आई न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडून बसली. बाटली मंदिराच्या कपाटात उकाड्यात राहिली.

शनिवारी दुपारी पाळकसाहेबांनी त्याला बाजूच्या खोलीत बोलावले. टेबलावर बाटली उघडी होती. आत कापसासारखी पांढरी बुरशी तरंगत होती.

"द्राक्षारसाला असं होतं का रे?" त्यांनी विचारले. "तुला कळेल. आमच्यात दुसऱ्या कोणाला कळायचं?"

त्याने बाटली नाकाशी नेली. या वासाची पारख करायला त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. आंबूस, कुजका, गोड. मग त्याने बाटली खाली ठेवली.

"यात दारू नाही," तो म्हणाला. "नव्हतीच."

आई खाटेवर उताणी होती. कूस बदलायची तिला मनाई होती, त्यामुळे नजर चुकवायला छतापलीकडे जागा नव्हती.

"आई, बाटलीत काय असतं?"

"मनुका. उकळून गाळलेल्या. रंग यावा म्हणून दोन मुठी जास्त."

"कधीपासून?"

"तू पेला घ्यायला लागलास तेव्हापासून."

"मी दरवर्षी उभा राहतो. तू पुढच्या बाकावर बसून ऐकतेस."

"ऐकते की. रडूही येतं मला."

"तुझा देवावर विश्वास नव्हता?"

"देवावर होता रे," आई म्हणाली. "तुझ्यावर नव्हता. तुझ्या बापालाही सांगितलं होतं कोणीतरी, विश्वासानं घे म्हणून. त्याच आठवड्यात सुटलेली सुरू झाली, ती त्याला पुरूनच थांबली."

"मग मला सांगायचंस. मी भाकर घेऊन थांबलो असतो."

"तू? चार माणसांत हात मागे घेतला असतास? दुकानात गिऱ्हाईक चुकीचं बोललं तरी तू मान डोलावतोस. बाळा, मी तुला पोटात वाढवलंय."

याहून खरे त्याच्याविषयी कोणी कधी बोलले नव्हते.

त्याला रंगारी आठवला. भिंती रंगवणारा, मागच्या बाकावर बसणारा, दारू सोडून वर्ष झालेला, नुसती भाकर घेणारा. त्याला पेल्यापर्यंत आणले ते भिंगवाल्याने. "मी घेतो ना? मग घे." रंगाऱ्याने इथे तीनदा घेतला, आणि काही झाले नाही. मग तो लेकीकडे गेला, तिथल्या मंदिरात त्याच भरवशाने घोट घेतला, आणि उपासना संपण्याआधीच उठून दारूचे दुकान शोधायला निघाला. परत आल्यावर त्याने भिंगवाल्याला सगळे सांगितले होते. भिंगवाला हळूच म्हणाला होता, "विश्वास कमी पडला असेल." आणि पुढे त्याने त्याच्याशी बोलणे टाळले होते.

संध्याकाळी तो त्याला शोधत गेला. रंगारी एका इमारतीच्या जिन्यात लाकडी घोडीवर चढून चुना मारत होता. भिंगवाल्याने खाली उभे राहून, अडखळत, सारे सांगितले. कुंचला थांबला.

"म्हणजे मनुकांच्या पाण्यावर तू नऊ वर्षं साक्ष दिलीस?"

"हो."

रंगारी हसला. जिना घुमेपर्यंत हसला. "प्रभूनं पाण्याचा द्राक्षारस केला, आणि तुझ्या आईनं बरोब्बर उलटं करून दाखवलं! बाई ग्रेट आहे." मग त्याचे हसू एकदम विझले. "तिकडे घसा जळला ना, तेव्हा मला वाटलं, देव भिंगवाल्याला राखतो, मला नाही. त्याच्या यादीत मी नाहीच. दारूपेक्षा तेच जास्त लागलं रे."

"मला माफ कर."

"करतो. तू मात्र खालीच उभा राहा, वर येऊ नकोस." आणि तो भिंतीकडे वळला.

मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी, रात्रीपर्यंत वाट न पाहता निकाल लावला. बाहेर कोणाला काही सांगायचे नाही. दुसऱ्या मंडळीकडून खरा द्राक्षारस आणायचा. नऊ वर्षांची प्रभुभोजने धरायची की नाही, हा विषय काढायचा नाही. "आणि साक्ष," पाळकसाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यंदा राहू दे." पेल्याविषयी ते काही बोलले नाहीत. त्याने विचारलेही नाही.

रविवारी भाकर झाली आणि पेला निघाला. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकेने तो त्याच्या हातात दिला. वास आधी आला. नऊ वर्षांत पुसट न झालेला, नाव घेऊन हाक मारणारा. पेल्याच्या काठापासून दोन बोटांवर त्याचे ओठ थांबले. तीन वडील त्याच्याकडेच बघत होते. राखणारा इथे असेल तर आता असायला हवा, असे त्याला वाटले. आणि आत जिथे त्याने नऊ वर्षे देवाचा हात धरला होता, तिथे चाचपडताना त्याला आईची बोटे लागली. त्याने ओठ न लावता पेला पुढे दिला. हा विश्वास होता की भीती, त्याला कळले नाही. पलीकडच्या माणसाने पेला घेतला आणि तोंड पुसले.

घरी आई जागी होती.

"घेतलास?"

"घेतला," तो म्हणाला.

"खरा होता?"

"खरा होता. काही झालं नाही मला."

"इकडे ये."

तो वाकला. तिने कॉलर धरून त्याला ओढले, तो पंचविशीत असताना दाराशी अडवून ओढायची तसे, आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. एकदा, मग पुन्हा, सावकाश. तिची पकड सैल झाली, कपाळावरच्या रेघा मिटल्या, आणि इतके दिवस दुखण्याने आवळलेला तिचा चेहरा निवला. त्याच्या एकाही साक्षीला तो असा निवलेला त्याने पाहिला नव्हता.

"जेवून घे," ती म्हणाली.