चंद्रावरचा धुरा

मथुराबाई शाळेत दुसरीपर्यंत गेल्या होत्या. तरी बोरी अरब गावच्या बुद्धविहारातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष त्या बावीस वर्षांपासून होत्या, आणि मंडळात दोन मास्तरीणबाई असूनही त्या जागेकडे डोळा वर करून पाहायची कोणाची छाती नव्हती. बाईंची जीभ म्हणजे नुकतीच पाजवलेली विळी.

त्यांची नात मैत्रेयी नागपूरला सरकारी विद्यापीठात वकिलीच्या पाच वर्षांच्या कोर्सला होती, तिसऱ्या वर्षात. तिथे ऑनर्स नावाचं नवीन काही निघालं होतं. सव्वाशे पोरांतून बारा निवडायचे, त्यांना जास्तीचे विषय शिकवायचे, प्रत्येकाच्या पाठीशी एक प्राध्यापक, आणि दोन वर्षं खपून एक प्रबंध लिहायचा. मार्कांवर तीस जण पुढे आले होते, त्यात मैत्रेयी अठ्ठाविसावी. आता उरली होती पंधरा मिनिटांची मुलाखत. मथुराबाईंनी हे सगळं नातीकडून तीनदा वदवून घेतलं आणि आपल्या हिशेबात बसवलं. पेरायला सगळेच दाणे चालतात, पण बियाण्याला ठेवायचे ते वेगळे निवडतात. आपली पोरगी बियाण्यात जायलाच पाहिजे.

मुलाखत मोबाइलवर होती आणि मैत्रेयी सुटीत गावी आलेली. घरात रेंज जेमतेम बोलण्यापुरती, विहारात मात्र पुरेपूर. सकाळी अकराला विहाराची किल्ली दे, एवढंच तिने आजीला सांगितलं. घोटाळा तिथेच झाला. विहारात कार्यक्रम, पाहुणे नागपूरचे, तेही तीन-तीन प्राध्यापक, आणि मंडळाला आवतण नाही, असं मथुराबाईंच्या राज्यात कसं घडावं?

पोरगी पोचली तेव्हा सतरा बाया पांढरी पातळं नेसून सतरंजीवर बसल्या होत्या. टेबलावर निळं कापड, मोबाइल टेकवायला उभी वीट, आणि विटेसमोर तीन गुलाब, एकेका पाहुण्याचा एकेक. शेजारी पाण्याचा तांब्या. मैत्रेयीने कपाळाला हात लावला. मुलाखतीला दुसरं कोणी बसत नसतं, असं ती हळूच समजावू लागली, तर मथुराबाईंनी तिला मधेच तोडलं.

"आम्ही बसून राह्यलो व, बोलून कुठी राह्यलो?"

तेवढ्यात मोबाइलवर तीन चेहरे उमटले. मैत्रेयी नमस्कार म्हणणार, तोच मागून सतरा गळ्यांतून त्रिशरण सुरू झालं. विहारातला कार्यक्रम त्याशिवाय सुरू होत नाही, मग तो नामकरणाचा असो की बचत गटाच्या बैठकीचा. मधल्या बाई प्रमुख होत्या. त्या आधी गोंधळल्या, मग खुर्चीत सरळ होऊन हात जोडून थांबल्या. बाजूच्या तरुण सरांनी घड्याळ पाहिलं. पंचशील होईस्तोवर पंधरातली चार मिनिटं गेली.

मैत्रेयीने माफी मागितली, बायांना बाहेर पाठवू का म्हणून विचारलं. गप्प राहत असतील तर राहू द्या, असं प्रमुख बाई म्हणाल्या, आणि तरुण सरांनी फॉर्म काढला. त्यात विषय लिहिला होता, चंद्रावरच्या खनिजांची मालकी. विषय मोठा दिसला की निवड होते, असं वरच्या वर्गातल्या कोणीतरी पोरीच्या डोक्यात भरवलं होतं. तिने पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हटलं. सरांनी शांतपणे विचारलं, की यावर जगात एवढे लोक लिहून राहिलेत, त्यात तुम्ही नवीन काय करणार? मैत्रेयीने पाठ केलेलीच दोन वाक्यं पुन्हा म्हटली. तिचे कान लाल झालेले मथुराबाईंना मागूनही दिसले. गप्प बसून त्यांना सात मिनिटं झाली होती, आणि तो त्यांच्या जन्मातला उच्चांक होता.

"काव पोरी," त्या बोलल्याच, "चंद्रावर कोनाचा धुरा कोरला कोनी? तिथं भांडाले हाय कोन?"

धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द, आणि शेजारी ती दरसाल वीतभर कोरून आपल्यात घेतो, हे इथल्या लहान लेकरालाही ठाऊक. बाया खुदखुदल्या. प्रमुख बाई मात्र हसल्या नाहीत. आजी, आता एक शब्द जरी आला तरी मला मुलाखत थांबवावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. मथुराबाईंनी पदराचा बोळा तोंडात घातला. आपल्या जिभेनं पोरीची जागा खाल्ली, असं त्यांना वाटलं.

"मैत्रेयी, प्रश्न बरोबर आहे," प्रमुख बाई म्हणाल्या. "चंद्रावर भांडायला कोणी नाही. मग कुठे आहे?"

पोरीने कागद उलटा ठेवला. मागे वळून पाहिलं. दुसऱ्या ओळीत हंसाबाई बसली होती. तिच्या शेताची पांदण, म्हणजे शेतात जायची वाट, शेजाऱ्याने बाभळीच्या काट्या टाकून अडवली होती. मैत्रेयीने ते सगळं सांगितलं. अर्ज, पाहणी, तहसीलदारांचा आदेश, मोकळी झालेली वाट, आणि साहेबांची गाडी गेल्यावर आठव्या दिवशी पुन्हा पडलेल्या काट्या.

"मॅडम, आमच्या पुस्तकात गोष्ट आदेशापाशी संपते. हंसाबाईची तिथून सुरू झाली. तीनदा आदेश निघाला, तीनदा काट्या परत आल्या. असे किती आदेश एक पावसाळा तरी टिकतात, हे कोणी मोजलं का, मले माहीत नाही."

इतका वेळ जपलेली शहरी बोली त्या 'मले'पाशी सुटली, तिला कळलंही नाही. हे फॉर्ममध्ये का नाही लिहिलं, असं सरांनी विचारलं.

"हा कायद्याचा विषय असेल असं वाटलंच नाही, सर. घरचं भांडण वाटलं."

मग तिघांनी प्रश्नांचा भडिमार केला. कागद कुठून मिळवणार, हरलेल्या शेजाऱ्याशी बोलणार का, किती तालुके. दारव्हा, मारेगाव, उमरखेड, पोरगी सांगत गेली. काही ठिकाणी सरळ म्हणाली, हे मला येत नाही. उरलेल्या अकरा मिनिटांची पंचवीस झाली. शेवटी प्रमुख बाईंनी विचारलं, आजींना काही म्हणायचं आहे का. मथुराबाईंनी पदर तोंडातच ठेवून मान हलवली. पाहुण्यांनी नाही म्हटलं ना, मग नाही.

पुढचे नऊ दिवस त्या कोणाला टाकून बोलल्या नाहीत. सून घाबरली, म्हणे बाईंना दवाखान्यात दाखवा. दहाव्या दिवशी दुपारी, परत गेलेल्या मैत्रेयीचा नागपूरहून फोन आला.

"आजी, झाली व माही निवड. बारावी. शेवटची."

"शेवटची म्हनून काहून रडून राह्यली? पंगतीत शेवटी बसते त्याले का अर्धी भाकर वाढतेत?" आणि नऊ दिवसांची तुंबलेली जीभ अशी सुटली की सुनेने हातातलं सूप खाली ठेवून जयभीम ठोकला.

विद्यापीठाने विषय बदलून द्यायला सांगितला होता आणि महिनाभरात दहा गावांची यादी मागितली होती. दिवाळीच्या सुटीत मैत्रेयी पहिल्यांदा उमरखेडला निघाली, तर एसटी स्टँडच्या फलाटावर मथुराबाई पिशवी घेऊन आधीच उभ्या. पंच्याहत्तरी उलटलेली, एसटीत तिकीट लागत नाही, मग घरी बसून काय करू, असा त्यांचा सवाल.

गाडी सुटली. त्यांनी कंडक्टरला गाव विचारलं, मग तुमच्या गावात कोनाची पांदण बंद हाय ते विचारलं. त्याच्याच काकाची होती. मागच्या सीटवरचा एक जण उठून म्हणाला, माझी लिहा. एक बाई म्हणाली, आधी माझी. मथुराबाईंनी सगळ्यांना ओळीत बसवलं, एकाच्या मधे दुसरा बोलला की डोळे वटारले. दिग्रस यायच्या आत मैत्रेयीच्या वहीची अकरा पानं भरली होती, आणि उमरखेड अजून बरंच लांब होतं.