भिंगरीची पुटपुट

आमच्या भिंगरीला 'थांब' हा शब्द कळतो, तिच्या पायांना मात्र कळत नाही. वय वर्षं चार. मांजर दिसलं की पळाली, चेंडू दिसला की पळाली. मी तिची आत्या. बापलेक माझ्याच घरी राहतात, त्यामुळे तिच्यामागे धावून जीव मेटाकुटीला येतो तो माझा. हिच्या डोक्यात चालतं तरी काय, हे कोडं मला काही सुटत नव्हतं.

बालवर्गाची सहल तळ्यावर जाणार होती, बदकं बघायला. भिंगरीने आठवडाभर बदकांचा जप लावला होता. पण बाईंची अट सरळ होती, पाण्याजवळ न्यायचं तर सांगितल्यावर थांबणारं मूल हवं. त्यासाठी त्या शाळेच्या अंगणात एक खेळ घेत. डफली वाजते तोवर नाचायचं, बंद झाली की जागच्या जागी पुतळा. मग बाई मध्येच चेंडू सोडत. तो कुठेही जावो, पुतळ्याने हलायचं नाही. भिंगरी रोज चेंडूमागे!

मी तरी काय कमी खटपट केली? घरी ताटली बडवून सराव घेतला. पण ही पुतळा झाली की तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. पुतळे कधी बोलतात का? मी दटावायची, "तोंड बंद!" तोंड बंद व्हायचं आणि स्वारी पसार. शाळेतही ओठ मिटूनच उभं राहायचं, अशी ताकीदही मी दिली होती.

सहलीच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम अंगणात जाऊन बसले. डफली थांबली. भिंगरीचे ओठ हलू लागले. मी लांबूनच "शूऽऽ" केलं. ओठ मिटले, चेंडू सुटला आणि त्याच्यामागे भिंगरीही.

परत आली ती रडवेली होऊन. "आत्या, आता बदकं नाहीत?"

मी तिचे डोळे पुसले.

बाई जवळ आल्या. "ताई, तिला गप्प का करता?"

"अहो, पुतळा ना ती!"

"तुम्ही तिचे ओठ बांधता आणि पाय सुटतात. मला वाटतं, बोलूनच ती स्वतःला धरून ठेवते. एकदा बोलू द्या, बघूया."

"पण बोलते तरी काय?"

"तेच मलाही ऐकायचंय."

पुन्हा डफली वाजली. या वेळी मी तिच्या अगदी मागे जाऊन उकिडवी बसले. डफली थांबली. चेंडू थेट तिच्या पायाजवळून गेला. तिची टाच उचलली गेली. मी हूं की चूं केलं नाही. नुसता कान पुढे केला.

"थांब हं, राणी. जाऊ दे त्याला. मी आहे ना इथे."

टाच खाली टेकली. चेंडू भिंतीपर्यंत गेला, तरी भिंगरी जागची हलली नाही.

"उद्या टोपी घालून यायचं हं," बाई तिला म्हणाल्या.

ती उड्या मारत सुटली. मी मात्र तिथेच बसून राहिले. इतक्या मायेने तिला आमच्यापैकी कुणी कधी थांबवलंच नव्हतं.