दर्शनाच्या ओढणीवरची मी

कट्ट! लालबागच्या आमच्या खोलीत सगळे निजलेले असताना सकाळचा पहिला आवाज माझ्या झाकणाचा असतो.

मित्रांनो, मी सेंटची एक जुनी बाटली आहे. अंगावर बड्या परदेशी कंपनीचं नाव, फक्त त्यातलं एक अक्षर बदललेलं. लोक मला 'फर्स्ट कॉपी' म्हणतात. दादरच्या फुटपाथवर दर्शनाने मला हुंगलं आणि हसत पिशवीत टाकलं. ती लोअर परळच्या मॉलमध्ये अस्सल परफ्यूम विकते आणि स्वतः मला लावते!

तिची पाच वर्षांची मनू दुपारी आईची जुनी ओढणी तोंडावर घेऊन झोपते. सकाळी ओढणीवर मला दोनदा फवारलेलं असतं. पण माझा जीव तो केवढा! दुपारपर्यंत मी उडून जाते. मग मनू रडत उठते, "आजी, आई संपली!" रोजच्या या रडण्याने दर्शना नोकरी सोडायच्या विचारात होती.

एका संध्याकाळी, वास दिवसभर टिकावा म्हणून, तिने मॉलमधून अस्सल सेंटची करंगळीएवढी कुपी आणली. मला धडकीच भरली. दुसऱ्या दिवशी ओढणीवर माझ्याऐवजी तिचे दोन थेंब पडले. आधी लिंबू, मग गुलाब, मागून चंदन, सगळं कसं सावकाश! मी मात्र सगळं एका दमात बोलून टाकणारी.

"काय गो ह्यो वास!" सासूबाई, दुर्गाआजी, म्हणाल्या. "लग्नाक चललंस काय कामाक?"

मनूने हुंगलं आणि ओढणी भिरकावली. "ही दुकानातली आई आहे. मला घरातली पाहिजे."

दर्शनाने कामाची पिशवी खाली ठेवली. तेव्हा एरवी माझ्या वासाने डोकं धरणाऱ्या आजींनी फळीवरून मला काढलं, दुसरी ओढणी घेतली आणि नाकाला पदर लावून फुस्स केलं. "दुपारी मी मारतंय परत. तू जा कामाक."

मित्रांनो, वस्तू स्वस्त असली तरी तिचं झाकण नीट लावत जा. कुणाची तरी दुपार त्यात असते.

आज सकाळी दर्शनाने मला हातात घेतलं, तोच मनू कालची भिरकावलेली ओढणी घेऊन आली.

"आई, बघ ना, दुकानातला वास अजून आहे. तो दिवसभर राहतो. मग तू का नाही राहत?"

झाकण उघडायच्या आधीच दर्शनाने मला खाली ठेवलं आणि मनूला जवळ घेतलं.