उपवासाला बिस्किटं

"त्यानं माझ्या हातचं खाणं सोडलं ना सुमेधा, तर फोनबिन करत बसू नकोस. तू ये. त्याच्यासमोर आधी तू एक घास खा, मग तो जेवतो."

शहराबाहेरच्या वेरिबी उपनगरातल्या घरात मनगटावरच्या जुन्या व्रणावरून बोट फिरवत शैलामावशी म्हणाल्या होत्या. आई वरणात विष घालते, असं त्यांच्या कुशलला वाटलं होतं. त्या दिवशी त्यानं केलेल्या वाराचा तो व्रण. कोर्टानं त्याला इस्पितळात धाडलं, यंदा तो घरी आला. त्याची नर्स मी. मी मावशींना हो म्हटलं होतं.

आमच्या मानसोपचार टीमची गुरुवारची मीटिंग. आठवड्यातून तीनदा घरी जाऊन बघायच्या जागा बारा, रुग्ण तेरा. उरेल त्याला महिन्यातून एक भेट.

"कुशल मस्त आहे," डॉक्टर प्रणव म्हणाला. पोरगा इथंच, ग्लेन वेव्हर्ली उपनगरात वाढलेला. "चार दिवस फास्टिंग करतोय. आईचं जेवण नाही, फक्त पॅकेटमधली बिस्किटं. कल्चरल आहे. मी प्लस पॉइंट दिलाय."

"उपवासाला बिस्किटं?"

"माझी आजी पण करायची गं उपवास."

"तुझी आजी बिस्किटं खायची?"

"तुझ्याइतकं कडक कोण पाळतं, यार!"

सगळे हसले. मी हसले नाही.

"बंद पाकिटातलंच खातो तो, प्रणव. मागच्या वेळी असंच सुरू झालं होतं. फाइलमध्ये आहे. वाचलीस?"

"धोक्याचा स्कोअर लो आहे, मेट," आमचा टीम लीडर ग्रेग म्हणाला. बारावी जागा रिसेप्शनची काच फोडणाऱ्याला गेली. काच फुटली की सगळ्यांना ऐकू येतं. आईचं ताट गुपचूप मागे सरकवणाऱ्यासाठी स्कोअरच्या फॉर्मात रकानाच नाही.

मी कधी आवाज चढवत नाही. तेव्हा चढला. "त्या बाईला काही झालं तर हा प्लस पॉइंट कुणाच्या नावावर लिहायचा? माझा विरोध लिहून घ्या. शब्दन् शब्द."

"नो वरीज. नोटेड." ग्रेगनं पुढचं नाव घेतलं.

दुपारची सुट्टी टाकली. ऑफिसच्या बोर्डावर वेरिबीचा पत्ता आणि परतायची वेळ लिहिली. सकाळी दत्तासमोर दिवा लावून निघाले होते, सूर्यास्तापर्यंत पोटात कण जायचा नव्हता. एकोणीस वर्षांत एकही गुरुवार मोडलेला नाही.

मावशींनी आज काय रांधलं असेल?

बेसिनपाशी जाऊन हात स्वच्छ धुतले आणि गाडीची किल्ली घेतली.