पडेपर्यंत

ओकबुनच्या नव्या घरात सगळं होतं. लिफ्ट होती, बटण दाबलं की ऊबदार होणारी जमीन होती, आपण आत शिरलो की गाणं म्हणणारा दरवाजा होता. फक्त मेजू, म्हणजे सोयाबीनच्या ढेपा, टांगायला जागा नव्हती, आणि जिथं मेजू टांगता येत नाही त्याला घर म्हणायची ओकबुनची तयारी नव्हती.

गावाकडचं कौलारू घर विकून ती ग्वांगजू शहरातल्या या नवव्या मजल्यावर आली ती गुडघ्यांपायी. पहिल्याच हिवाळ्यात तिनं शिरस्त्याप्रमाणे सोयाबीन शिजवलं, कुटलं, त्याच्या चौकोनी ढेपा थापल्या आणि भाताच्या पेंढ्यानं बांधून बाल्कनीत ओळीनं टांगल्या. ढेपांना छान पांढरी बुरशी धरू लागली, तोच लिफ्टमध्ये चिठ्ठी लागली, ‘नवव्या मजल्यावरून मोज्यांचा वास येतो.’ खाली नाव नव्हतं. शेजारीपाजारी मात्र नाक दाबून तिला अगदी कमरेतून वाकून नमस्कार करू लागले होते.

“मोज्यांचा म्हणे!” ओकबुन फोनवर लेकीपाशी कडाडली. “यांच्या आयांनी यांना काय खाऊ घालून वाढवलं गं? सूपात मोजे उकळले होते का?”

लेक म्हणजे हेरान. चाळिशी उलटलेली आणि कलावंत. चित्रं काढत असती तर ओकबुननं एखादं भिंतीवर लावलंही असतं, पण हेरान चित्रं काढत नसे. ती वस्तू नुसती ठेवून देई आणि त्यांचं पुढं काय होतं ते लोकांना दाखवी. एकदा तिनं मिठाच्या लाद्या पावसात मांडल्या. एकदा बापाची सायकल ओल्या फडक्यांत गुंडाळून गंजू दिली आणि फडक्यांवर उमटलेले तांबडे डाग चौकटींत घालून टांगले. “लोखंडाला गंजायला शिकवावं लागतं का गं?” असं ओकबुननं तेव्हा विचारलं होतं. त्यावर हेराननं फोन ठेवला होता, आणि तेव्हापासून मायलेकींनी हा विषय वर्ज्य केला होता. लेकीचं एकही प्रदर्शन ओकबुननं पाहिलेलं नव्हतं. विचारलं की ती गुडघ्यांवर ढकलायची.

“आई, माझ्याकडं दे ते मेजू,” हेरान म्हणाली.

“तू काय करणार?”

“प्रदर्शनाला जागा मिळालीय मला. शहराबाहेरचं जुनं तांदळाचं गोदाम आहे. उंच तुळया आहेत, वारा खेळता आहे. हिवाळाभर तिथं टांगते.”

“आणि वास?”

“वास तर हवाच आहे मला.”

ओकबुनला भरून आलं. इतक्या वर्षांनी पोरीला अक्कल आली म्हणायची! दुसऱ्याच दिवशी तिनं ढेपा टेम्पोत चढवल्या, स्वतः सोबत जाऊन पेंढ्याच्या गाठी एकेक ताणून पाहिल्या आणि निश्चिंत मनानं घरी आली. एकीला साहित्य मिळालं, दुसरीला जागा. ढेपा खाली कधी उतरवायच्या ते मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. यात विचारायचं काय? नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात पंचांगातला घोड्याचा दिवस येतो, त्या दिवशी मेजू उतरवायचे, घासून धुवायचे आणि वर्षभराच्या सोया सॉससाठी रांजणात मिठाच्या पाण्यात घालायचे. ज्याच्या घरी रांजण आहे त्याला हे ठाऊक असतंच.

घोड्याचा दिवस उजाडला. ओकबुननं आदल्या दिवशीच मीठ विरघळवून ठेवलं होतं, पाणी पुरेसं खारट झालं का ते अंडं तरंगवून पाहिलं होतं. रांजणात टाकायचा कोळसा, सुक्या मिरच्या आणि बोरं ताटलीत काढून ठेवली होती. लग्न होऊन आल्यापासून हा मुहूर्त तिनं चुकवला नव्हता. नवरा वारला त्या वर्षीही सुतकाचे पांढरे कपडे गुंडाळून ठेवून तिनं रांजण भरला होता. धाकटी नणंद मालसुक हिला तिनं मदतीला घेतलं आणि घासणी, घमेलं नि भलंमोठं फडकं घेऊन दोघी टॅक्सीनं गोदामाशी पोचल्या.

दारातला फलक मालसुकनं मोठ्यांदा वाचला. “‘पडेपर्यंत’. हे काय हो वहिनी? काय पडेपर्यंत?”

“आपल्याला काय करायचंय? चला आत, वन्सं, दिवस लहान आहे.”

आत शिरताच ओकबुनची पावलं मंदावली. उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे उतरले होते आणि त्यांत तिच्या ढेपा अधांतरी लोंबत होत्या. काही पांढऱ्या, काही पिवळसर, एखादीवर हिरवी झाक. इतकी सुरेख बुरशी तिच्या गावच्या घरातही धरली नव्हती. वास तर असा की भूकच लागावी. ‘वा गं माझ्या बायांनो,’ ती मनात म्हणाली आणि मधली दोरी ओलांडू लागली.

“आजी, आजी! हात लावायचा नाही,” तिथली कर्मचारी मुलगी धावत आली.

“माझेच आहेत गं.”

“हो, पण ही कलाकृती आहे.”

“अगं, मी थापलेत!”

“तरी पण आजी, लांबूनच पाहायचं.”

“घ्या,” मालसुक खिदळली. “स्वतःच्याच मेजूंना परक्या झालात, वहिनी.”

मुलीनं फोन करून हेरानला बोलावलं. हेरान मागच्याच खोलीत होती. आईला पाहून तिचा चेहरा उजळला. “आई! तू प्रदर्शन बघायला आलीस?” मग तिला घमेलं दिसलं, घासणी दिसली, आणि चेहरा पुन्हा होता तसा झाला.

“आज घोड्याचा दिवस,” ओकबुन म्हणाली. “शिडी आण.”

“उतरवायचे नाहीत आई. ते आपोआप पडणार आहेत.”

“म्हणजे?”

“पेंढा कुजेल, तुटेल. एकेक ढेप खाली पडेल आणि फुटेल. केव्हा ते कुणी ठरवायचं नाही, तेच तर काम आहे. दारात लिहिलंय की. मला वाटलं तुला ठाऊक आहे.”

“मला वाटलं तुला ठाऊक आहे! पंचांगात लिहिलंय!” ओकबुनचा आवाज तुळयांपर्यंत गेला. दोन-चार लोक पाहायला आले होते ते भिंतीकडं सरकले. “अन्न आहे ते हेरान. फोडायला टांगलंस? आणि माझा रांजण? तो काय तोंड वासून बसणार वर्षभर?”

“दुकानात मिळतं की गं ते. डब्यात.”

मालसुकनं जीभ चावली. ओकबुन भिंतीशी बाक होतं त्यावर जाऊन बसली आणि घमेलं मांडीवर घेतलं. आपण काय बोलून बसलो ते हेरानला कळलं. ती येऊन आईच्या शेजारी टेकली.

“आई, ऐक ना. इतकी वर्षं मी परगावी कामं दाखवत फिरले. आपल्या शहरात पहिल्यांदा कुणी जागा दिलीय मला. पुढच्या आठवड्यात सामान उचलायचं. आणि एकसुद्धा पडला नाही गं. मी रोज येऊन वर बघत बसते. लोक विचारतात, पडणार होते त्याचं काय झालं? तुझ्या गाठी सुटतच नाहीत!”

“सुटायला का बांधल्या होत्या?” ओकबुन म्हणाली. पण पूर्वीइतक्या जोरात नाही. पोरगी रोडावली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. रोज इथं वर बघत बसायची म्हणे. आपण एकदाही आलो नाही, हे ओकबुनला आज पहिल्यांदा बोचलं.

“बरं, एक पडला की मग बाकीचे देशील?” मालसुकनं मध्यस्थी केली. “एक तरी पडू दे तुझ्या मनासारखा.”

हेरान उत्तर द्यायला उठली आणि वर काहीतरी कर्रकन् वाजलं.

पेंढा तुटला होता. खिडकीजवळची चांगली गलेलठ्ठ ढेप क्षणभर एका काडीवर तिरकी झाली. हेरान दोरी ओलांडून धावली, तिचा एक जोडा मागंच राहिला, आणि हिवाळाभर जिची वाट पाहिली ती ढेप तिनं पसरलेल्या दोन्ही हातांत झेलली. झेलून गुडघ्यांवर बसली आणि ढेप छातीशी घट्ट धरली.

भिंतीजवळचा एक माणूस खो खो हसला, त्याची बायको हसली, मालसुक तर डोळे पुसपुसून हसू लागली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

हेरानला हसू आलं नाही. “मी का झेलली?” ती आईकडं पाहत म्हणाली. “पडायलाच हवी होती ना ती. मी का झेलली?”

“मग टाक आता.”

हेरान उभी राहिली. तिनं ढेप पुढं धरली, जरा उंच केली. कर्मचारी मुलगी श्वास रोखून पाहत होती. हेराननं ढेप पुन्हा पोटाशी घेतली. “नाही टाकवत,” ती म्हणाली, आणि इतक्या लोकांसमोर तिला रडू फुटलं.

ओकबुनला तर जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. शेवटी आपलं रक्त! पण तिला आनंद झाला नाही. समोर चाळिशी उलटलेली तिची लेक एका पायात जोडा, एका पायात मोजा अशी उभी राहून मुसमुसत होती, आणि एवढ्या वर्षांच्या कष्टांतून तिला जे दाखवायचं होतं ते तिच्याच हातून राहून गेलं होतं. ओकबुन उठली. घमेलं बाकावर ठेवलं. गुडघे कुरकुरले तरी दोरी ओलांडून लेकीपाशी गेली.

“आण इकडं.”

हेराननं ढेप दिली. ओकबुननं ती तोलून पाहिली. हलकी झाली होती, म्हणजे आतपर्यंत नीट वाळली होती. नाकाशी नेली. असला वास तिला कित्येक वर्षांत लाभला नव्हता. सासू असती तर म्हणाली असती, हिचं पाणी मधासारखं उतरेल. सांडलेला भाताचा दाणाही उचलून तोंडात टाकणारी ही बाई. तिनं डोळे मिटले आणि हात उघडले.

धप्प आवाज झाला. ढेपेचे चार तुकडे झाले आणि आतला गडद गाभा उघडा पडला. वास सगळ्या गोदामात भरला. कुणीच हसलं नाही. हेरान तोंडावर हात धरून आधी जमिनीकडं, मग आईकडं पाहत राहिली.

“झालं?” ओकबुननं विचारलं. “एवढं पुरेल की आणखी हवेत?”

“पुरेल, आई.”

“मग शिडी आण. मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबणार आहे? वन्सं, फडकं पसरा.”

हेराननं शिडी आणली, स्वतःच वर चढली आणि आईच्या घट्ट गाठी दातांनी सोडवत एकेक ढेप खाली देऊ लागली. पाहायला आलेली माणसंही रांगेत उभी राहून त्या हातोहात फडक्यापर्यंत पोचवू लागली. हेराननं पेंढ्याच्या रिकाम्या दोऱ्या तशाच लोंबत ठेवल्या आणि फुटलेल्या ढेपेचे तुकडे पडले होते तिथंच राहू दिले. शिडीच्या पायथ्याशी उभी राहून ओकबुन दरडावत होती, “दोन्ही हातांनी धर गं! कलावंत असशील तुझ्या घरी.” मात्र त्या तुकड्यांकडं तिनं निघेपर्यंत एकदाही वळून पाहिलं नाही.