डोळ्यांवरची माती

इसाजीचा विश्वास पानिपतात गेलाय, असं त्याची बायको मिल्का म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. पनवेलजवळच्या एका माती-प्रयोगशाळेत त्याची चौतीस वर्षं गेली. शेतकरी पिशवीत माती घेऊन यायचे आणि इसाजी आधी माणसाच्या तोंडाकडे बघायचा. शेजाऱ्याच्या शेतातली, कधी तर वाटेत आठवण झाली म्हणून रस्त्याकडेची खरवडलेली माती लोक आपली म्हणून खपवतात, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, खोड सुटली नाही. बहात्तराव्या वर्षीही तो दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचायचा आणि वर बायकोला विचारायचा, "ही खरी असेल का गं?"

खिरीचा सण आठवड्यावर आला होता. मिल्का बाजारात गेलेली. चष्म्याचं जुनं घर शोधताना इसाजीच्या हाताला कपाटातली ती पुडी लागली. पांढऱ्या कापडाची, चारी बाजूंनी शिवलेली, मूठभर. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरांत अशी पुडी असतेच. माणूस गेला की पुरताना त्याच्या डोळ्यांवर जेरुसलेमची चिमूटभर माती घालतात. ही पुडी अकरा वर्षांपूर्वी एरियलने, इसाजीच्या पुतण्याने, तिकडे स्थायिक झाल्यावर पहिल्याच खेपेला आणली होती. "काका, दोघांना पुरेल एवढी आहे. आता उघडू नका," म्हणाला होता. इसाजीने चक्क ऐकलं होतं.

आता पुडीची एक बाजू उसवली होती आणि आतून काळीभोर माती डोकावत होती.

जेरुसलेमची माती आणि काळी? इसाजी तिकडे कधी गेला नव्हता, पण डोंगर चुनखडीचे असतील तर वरची माती लाल असते, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. शिवण उसवली ती कुजून नव्हे, आतून फुगून. मार्चमध्ये त्याच्या हृदयात दोन स्टेंट बसले होते आणि डॉक्टर त्याच्याशी हल्ली फार गोड बोलायचे. हा काही कुणा शेतकऱ्याचा नमुना नव्हता. ही त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवर पडायची माती होती.

त्याने चिमूटभर बशीत घेतली आणि न्हाणीघरातलं ॲसिड पातळ करून वर दोन थेंब टाकले. चुना असेल तर फेस यायला हवा. आला! एका कोपऱ्यात इवलासा फेस आला, आणि म्हाताऱ्याला केवढा आनंद झाला. उगाच पोराला नावं ठेवली, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग भिंग लावून पाहिलं. फेस मातीला आलाच नव्हता. ज्वारीच्या दाण्याहून लहान शिंपल्याचा तुकडा होता, तो फसफसत होता. माती ढिम्म.

जेरुसलेमच्या डोंगरावर शिंपला!

शेवटी त्याने पुडीतला एक कण जिभेवर ठेवला. प्रयोगशाळेत यंत्र बिघडलं की तो असंच करायचा आणि साहेब ओरडायचे. माती खारट होती. नुसती खारट नाही, मागून किंचित कडवट. खाडीकाठची.

तेवढ्यात जासईचा काशिराम दारात आला. खाडीतली मासळी पकडून विकणारा, वीस वर्षांचा घरोबा. इसाजीने बशी त्याच्यापुढे धरली. "काशिराम, ही माती कुठली सांग बघू."

काशिरामने बशीत पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, मग पुन्हा बशीत. "मना काय ठाव, काका. माती ती माती."

"स्वयंपाकघरात काय बघतोस?"

"काकी नाय का घरान?" असं म्हणत त्याने मासळी ठेवली आणि पैसेही न घेता निघून गेला. चोराच्या मनात चांदणं, इसाजी म्हणाला. फक्त चोर कोण, हे त्याचं आधीच ठरलं होतं. एरियल मुंबईत उतरला, पुडी विसरल्याचं त्याला आठवलं, आणि त्याने इथलाच चिखल वाळवून शिवून दिला. बाप तसा लेक.

बाप म्हणजे एलोजी, इसाजीचा थोरला भाऊ. दोघांचं जासईकडे वडिलोपार्जित भाताचं खाचर होतं. एका उधाणात खाडीचा बांध फुटला. एलोजी म्हणाला, जमीन खारावली, आता इथे भात होणार नाही, सोडून देऊ. इसाजीने नमुना आणायला सांगितला. एलोजीने आणला. त्यात क्षार इतके निघाले की इसाजीने भर प्रयोगशाळेत चारचौघांसमोर थोरल्या भावाला सुनावलं, "ही खाचरातली नाही. खाडीतली उचलून आणलीस." स्वतः जाऊन पाहायला तासभर लागला असता. तो गेला नाही. त्यानंतर अठरा वर्षं दोघं बोलले नाहीत, आणि लॉकडाऊनमध्ये एलोजी गेला तेव्हाही इसाजी घरातच बसून राहिला. साथीचं कारण तयारच होतं.

मिल्का परतली तेव्हा टेबलावर काचेच्या दोन उंच नळ्या उभ्या होत्या. दोन्हींत मोजून दहा-दहा ग्रॅम माती, एकीत पाणी, दुसरीत शिलाई मशीन पुसायचं रॉकेल.

"अहो, हे काय केलंत?" ती दारातच थांबली.

"रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यात फुगते, तीही लबाड असेल तर. जुन्या वहीची पानं ओल लागून फुगतात तशी. उद्या दुपारी कळेल."

"आणि कळून काय करणार आहात?"

इसाजीने घड्याळ बघून कागदावर वेळ टिपली. मिल्काने पिशवीतली भाजी ओट्यावर ठेवली. त्या दिवशी तिने दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा नळ्यांकडे बघून मिटलं. इसाजीला वाटलं, पुतण्याची बाजू घ्यायची असेल. तिचा जीव होता एरियलवर.

दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती होती तिथेच होती. पाण्यातली दुपटीच्या वर गेली होती. इसाजीने आकडे कागदावर लिहिले आणि एरियलला व्हिडिओ कॉल लावला. फोन दानाने, एरियलच्या बायकोने उचलला, हसून "शालोम काका" म्हणाली आणि त्याचा चेहरा बघून नवऱ्याच्या हातात दिला.

"माझ्या डोळ्यांवर घालायला तू खाडीचा चिखल आणलास," इसाजी म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

एरियलला आधी समजलंच नाही. समजल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "काका, मी स्वतः डोंगरावर जाऊन आणली होती. लाल होती."

"माझ्याकडे आकडे आहेत."

"आकडे बाबांच्या वेळीही होते ना तुमच्याकडे," एरियल म्हणाला. "डिसेंबरात येणार होतो आम्ही. आता कशाला यायचं?"

"फोन बंद करू नकोस रे," मिल्का म्हणाली. ती इसाजीच्या मागे येऊन उभी होती. "मी बदलली माती."

इसाजी वळला.

"एलोजीभावजींची पुडी त्यांनी जाऊबाई गेल्या तेव्हाच वापरली होती. भावजी गेले तेव्हा त्यांच्या घरात माती नाही, विमानं बंद, एरियल तिकडे अडकलेला. पुरायला चारच माणसांना परवानगी होती. तीन सिनेगॉगमधले. चौथी जागा भावाची होती, ती रिकामी होती, म्हणून तुम्हाला औषधांच्या रांगेला जाते सांगून मी गेले. मीच घातली डोळ्यांवर. आपल्या दोघांची होती ती, सगळी दिली."

फोनमध्ये एरियलने तोंडावर हात धरला होता. "काकू, म्हणजे बाबांना मी आणलेली..."

"तूच आणलेली, बाळा."

इसाजी बोलला तेही जुन्या सवयीने. "आणि पुडीत हे काय भरलंस?"

"आपल्या खाचरातली. काशिरामला सांगून मागवली. कुंडीतली भरवेना हो. तुमच्या डोळ्यांवर जायची होती."

"खाचरातलीच कशावरून? त्याने खाडीतून..." इसाजी म्हणाला आणि तिथेच थांबला.

बावीस वर्षांपूर्वी हेच वाक्य त्याने प्रयोगशाळेत म्हटलं होतं. समोर एलोजी उभा होता, हातात पिशवी, पायाला चिखल. त्या नमुन्याचीही चव हीच होती, मागून किंचित कडवट. कालपासून जिभेवर होती आणि त्याने ती ओळखली नव्हती.

"एरियल," तो म्हणाला, "तुझ्या बापाचा नमुना खरा होता." मिल्काने फोन हातात घेतला.

मग इसाजीने पाण्यातली माती फडक्यातून गाळली. रॉकेलमधली सात वेळा धुतली, तरी वास पुरता गेला नाही. दुसऱ्या सकाळी दोन्ही ताटात पसरून गच्चीवर वाळत घातल्या आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून दिवसभर ताटाजवळ बसून राहिला. संध्याकाळी वाळलेलं ढेकूळ त्याने बोटांनीच कुस्करलं आणि कणन् कण पुडीत भरला. मिल्का सुई-दोरा घेऊन आली.

"एरियल विचारत होता, डिसेंबरात दुसरी आणू का," ती म्हणाली.

"तुझ्यापुरती आण म्हणावं. मला हीच घाल." त्याने पुडी तिच्या हातात दिली. "आणि शिवण जरा सैल ठेव. पावसाळ्यात फुगते ती."